भाऊ, जरा झूम करा ना

मोहन नगर नेमकं कुठे आहे, हे तुम्ही किती लांबून विचारता त्यावर ठरतं. पुण्याच्या मावसबहिणीला आम्ही "भिलाईला असतो" असं सांगतो. भिलाई म्हटलं की तिला शाळेच्या भूगोलातला पोलाद कारखाना आठवतो आणि पुढचे प्रश्न वाचतात. ती आपल्या सासूबाईंना सांगताना "रायपूरजवळ" म्हणते. सासूबाई भिशीत "एमपीकडे कुठंतरी" म्हणतात, कारण छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० ला वेगळं राज्य झालं ही बातमी त्यांच्या भिशीपर्यंत अजून पोचायची आहे. आणि खुद्द भिलाईत कुणी विचारलं तर? तर मोहन नगर दुर्गात आहे. ठाणं दुर्गचं, पत्ता दुर्गचा. सेक्टरमधला क्वार्टरवाला माणूस "अच्छा, दुर्ग" म्हणतो, तेव्हा त्या दोन शब्दांत कंपनीच्या रुंद रस्त्यांची आणि दुतर्फा झाडांची सगळी ऐट असते. आजोबांच्या वेळी आमची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ती भोपाळ झाली आणि पुढे त्याच तारखेला रायपूर. आम्ही जागचे हललो नाही. वरून बघणाऱ्यांनीच भिंग बदललं.

हे असलं काहीतरी सुचतं ते आमच्या भागातल्या एका फोटो स्टुडिओच्या बाकावर. स्टुडिओचे भाऊ मूळचे गोंदियाकडचे. बाकी गिऱ्हाइकं त्यांना भैया म्हणतात, आम्ही मराठी मंडळी भाऊ म्हणतो, आणि दोन्ही हाकांना ते सारख्याच उशिरा ओ देतात. पासपोर्ट फोटो, परीक्षेचे फॉर्म, लॅमिनेशन, लग्नाचे अल्बम, गेलेल्यांचे मोठे फोटो, सगळं तिथं होतं. भाऊंकडे फोटोशॉपची सातवी आवृत्ती आहे. ती २००२ साली आली. जगात त्यानंतर पुष्कळ आवृत्त्या निघाल्या, पण मुरूम घालवायचा हीलिंग ब्रश सातव्यातच आला होता, आणि पासपोर्ट फोटोच्या धंद्याला त्यापुढं विज्ञानाकडून फारसं काही नको असतं.

मध्यंतरी भाऊंनी एक दुसरा मॉनिटर आणून तो गिऱ्हाइकाकडे तोंड करून लावला. काम डोळ्यांसमोर दिसलं की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, असा त्यामागं विचार होता. विश्वास बसला की नाही सांगता येत नाही. गिऱ्हाईक मात्र बसलं. ते उठेचना.

पूर्वी कसं होतं? माणूस स्टुलावर बसायचा, हनुवटी वर, हनुवटी खाली, झालं. अर्ध्या तासानं कागदी पाकिटात आठ फोटो. प्रत्येक ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच. एवढ्याशा जागेत कुणीही बरा दिसतो. माणूस पाकीट खिशात घालून समाधानानं निघून जायचा. आता मात्र त्याला तो स्वतः कॅमेऱ्यातून थेट आलेला दिसतो, ४००० बाय ६००० पिक्सेलचा, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपक्यांचा. एवढ्या ठिपक्यांत दडवायला काही उरत नाही.

पहिला घोळ टक्केवारीचा. फाइल खिडकीत मावेल अशी उघडली की तिच्या डोक्यावर नावापुढं १२.५ टक्के असं दिसतं. एकदा पोराच्या बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला आलेल्या काकूंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "साडेबारा? एवढेच? भाऊ, नव्वदच्या वर न्या ना." बारावीला पोराला किती होते हे बाकावरच्या सगळ्यांना त्या क्षणी कळलं. भाऊंनी समजावलं, की वहिनी, हे मार्क नाहीत. काकूंना पटेना. मग भाऊंनी सरळ १०० टक्के करून दाखवले. पडद्यावर पोराचे दोन डोळे आणि नाकाचा शेंडा एवढंच उरलं. बाकीचा पोरगा चौकटीबाहेर गेला. शंभर टक्क्यांवर माणूस मावत नाही आणि साडेबारा टक्क्यांवर अख्खा दिसतो, हे गणित कुठल्याही आईला पटवणं कठीण आहे. शिवाय त्या परीक्षेला फोटो २० ते ५० केबीतच लागतो, म्हणजे शेवटी हे सगळे टक्के आणि डोळे आवळून पोष्टाच्या तिकिटाएवढेच करायचे होते. पण तोवर काकूंनी पोराच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली होती आणि प्रश्न फॉर्मचा राहिलेला नव्हता. "रात्री काय करत असतोस रे तू?"

सातव्या आवृत्तीत १६०० टक्क्यांपर्यंत जाता येतं. म्हणजे फोटोतला एक ठिपका पडद्यावर सोळा बाय सोळाची फरशी होतो. भाऊंचा मॉनिटर १९२० बाय १०८० चा. म्हणजे एका वेळी फोटोतले १२० बाय ६७ ठिपके दिसणार. हिशेब केला तर ही चेहऱ्यावरची साधारण एक सेंटीमीटर रुंद पट्टी झाली. असे जवळपास तीन हजार तुकडे जोडले की एक गिऱ्हाईक पुरं होतं. (हिशेब माझा. भाऊ असले हिशेब करत बसत नाहीत, ते पैसे घेतात.) आणि त्या तीन हजारांतला एक तुकडा पडद्यावर असताना मागं उभी असलेली चार माणसं ठामपणे सांगत असतात, की हा मुरूम आहे. पाचवा म्हणतो तीळ आहे. ज्याचा चेहरा आहे तो म्हणतो, हा मी नाहीच.

इथं हरवणं अटळ असतं. सगळीकडे गव्हाळ, तपकिरी, थोडे गुलाबी चौकोन. वाट विचारायला नाक नाही, डोळा नाही.

"भैया, हम कहां हैं?"

"गालावर असू."

"गाल की कान?"

"थांबा न जी, पाहून राहिलो."

अशा वेळी फोटोशॉपमध्ये एक सोय आहे. कोपऱ्यात एका छोट्या पाटीवर अख्खा फोटो दिसतो आणि त्यावर एक लाल चौकट असते. आपण जिथं आहोत ती जागा. चौकट धरून ओढली की समोर मोठ्या चित्रातही तिकडचा भाग येतो. १६०० टक्क्यांना ती चौकट एवढीशी होते की ती शोधायलाच भिंग लागावं. पण आमच्याकडच्या लोकांना ती फार आवडते. काहीजण तर स्वतःच्या चेहऱ्याकडे बघतच नाहीत, लाल चौकटीकडेच बघतात आणि तिला वाट दाखवतात. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका या कामात अग्रेसर. "थोडं वर. आणखी. हं, आता डावीकडे. डावीकडे हो! तुमच्या नाही, माझ्या डावीकडे."

हा डाव्या-उजव्याचा तंटा कधीच मिटणार नाही. माणसाला स्वतःचा चेहरा ठाऊक असतो तो आरशातला. आरशात उजव्या गालावरचा तीळ उजव्याच बाजूला दिसतो. फोटोत तो समोरच्याच्या नजरेनं, म्हणजे पडद्याच्या डाव्या बाजूला येतो. पन्नास वर्षं रोज दाढी करताना बघितलेला तीळ भलत्याच गालावर पाहून काका एकदा खरोखर घाबरले होते. त्यात भाऊंचा पंजा. स्पेसबार दाबला की बाण जातो आणि हाताचा पंजा येतो. त्या पंजानं कागद धरून सरकवल्यासारखं चित्र सरकवायचं. म्हणजे उजवीकडचं बघायचं तर डावीकडे ओढायचं. कडेची पट्टी ओढली तर मात्र उलटं, जिकडे ओढाल तिकडचं दिसतं. काका उजवीकडे म्हणणार, भाऊ हात डावीकडे नेणार, चौकट काकांना हवी तिकडेच जाणार, आणि तरी काका ओरडणार, की अहो, उलटं चाललात. सून शेजारी बसली असेल तर ती मोबाइलमध्ये डोकं घालून हसू लपवते.

त्या स्पेसबारनं आमच्या चौकालाही एक देणगी दिली आहे. अक्षरं लिहिण्याचं हत्यार हातात असताना स्पेसबार दाबला तर पंजा येत नाही, अक्षरांमध्ये रिकामी जागा पडते. घाईत हे लक्षात राहत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एखाद्या उगवत्या नेत्याच्या नावाच्या मधोमध हातभर भगदाड दिसलं, की समजावं, बनवणारा तिथून पुढं सरकायला बघत होता. नेत्याला वाटतं ती डिझाइन आहे.

भाऊंचे वडील हाच धंदा करत. त्या काळी झूम म्हणजे अंधाऱ्या खोलीत एन्लार्जरचं डोकं खांबावरून वर सरकवणं. तिथं गिऱ्हाइकाला प्रवेश नव्हता. दार उघडलं तर कागद काळा पडेल, हे कारण पुरायचं, आणि भाऊंच्या मते डिजिटलमध्ये सगळ्यात मोठं नुकसान झालं ते या कारणाचं. टचिंग निगेटिव्हवर, बारीक टोक केलेल्या पेन्सिलीनं व्हायचं. सुरकुत्यांवर पेन्सिल फिरवली की म्हाताऱ्या मंडळींची दहा वर्षं कमी व्हायची, आणि त्यांना कळायचंही नाही कुठून कमी झाली. चेहऱ्याचा एखादा भाग छापताना उजळ ठेवायचा तर वडील तारेला गोल पुठ्ठा लावून त्याची सावली पाडत. फोटोशॉपमधलं उजळायचं हत्यार त्या तारेच्या पुठ्ठ्याच्याच चित्राचं आहे. भाऊंच्या हाताखालचा पोरगा त्याला लॉलीपॉप म्हणतो. भाऊ दुरुस्त करत नाहीत, एवढंच म्हणतात, "बापानं जनम घातला यात."

ज्यांनी फोटोशॉप घडवलं ते थॉमस आणि जॉन नोल हे भाऊ मात्र भलतेच सुदैवी. १९९० साली पहिली आवृत्ती बाजारात येण्याआधी जॉन नोल लोकांना प्रात्यक्षिक दाखवायचे ते स्वतः काढलेल्या एका फोटोवर. बोरा बोरा बेटाचा समुद्रकिनारा आणि त्यावर बसलेली त्यांची मैत्रीण, पुढे पत्नी, जेनिफर. पाठमोरी. भाऊंना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाठमोरं गिऱ्हाईक. काहून नाही जमणार मंग त्याले?"

पासपोर्ट फोटोत निदान माणूस एकटा असतो. लग्नाच्या अल्बमात तो गोतावळ्यासह येतो. उघडलेलं पान १२ बाय ३६ इंचांचं, छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर जवळजवळ चार कोटी ठिपके. एवढ्या मैदानात लाल चौकट घेऊन निघालेल्या काकू काय शोधतात? स्वतःला. आधी स्वतःला, मग स्वतःचे डोळे मिटल्याची खात्री, मग जावेच्या गळ्यातला तन्मणी. तन्मण्यावर चौकट थांबते. "जरा मोठं करा. अजून. हं, मोती खोटे आहेत." नवरानवरी या सगळ्यात चौकटीबाहेर कुठंतरी हार घेऊन उभे. अल्बम मंजूर होईपर्यंत त्यांच्याकडे कुणी फिरकतही नाही.

स्थळांच्या फोटोचं तर विचारूच नका. दुर्गहून मुलीचा फोटो नागपूरला जातो तो मोबाइलवर, आणि तिकडे तो दोन बोटांनी असा काही ताणला जातो की मुलगी पहिल्याच मिनिटाला बाजूला पडते. मागची भिंत बघायची असते. भिंतीला ओल आहे का, शोकेसमध्ये ट्रॉफ्या कसल्या, फ्रीज एकदारी की दोनदारी, कॅलेंडर कुठल्या दुकानाचं. भाऊंनी त्यावर मागची बाजू धूसर करून द्यायला सुरुवात केली. वेगळे पैसे. परिणाम असा की तिकडून फोन, "मुलगी आवडली, पण मागं काय लपवलंय?" एका मुलाच्या फोटोत भिंत साधी पांढरी होती, तर आमच्या मोहल्ल्यातल्या एका वहिनींनी त्याच्या चष्म्याच्या काचेत घुसून समोरचा टीव्ही किती इंची आहे ते काढलं. पत्रिकेपेक्षा हे बरं, असं माझं मत आहे. मंगळ दिसायला किती भिंग लावणार?

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेचं काम करणारे एक गृहस्थ पेजमेकरवर वाढलेले. त्यांचा पुतण्या पुण्याचा, तो फुकटातल्या गिम्पवर काम करतो. दोघंही भाऊंच्या खुर्चीत बसले की बोटांची मारामारी. कंट्रोल आणि शून्य दाबलं की फोटोशॉपमध्ये चित्र खिडकीत मावतं. तेच ब्राउजरमध्ये दाबलं तर पान शंभर टक्क्यांवर जातं. गिम्पमध्ये नुसता १ दाबला की शंभर टक्के. कोरलवाला येतो तो एफ-४ शोधत. चौघांना एकच गोष्ट हवी असते, की बाबा, अख्खं दिसू दे. पण कळा सारख्या नाहीत आणि प्रत्येकाला आपली कळ निसर्गनियम वाटते. एवढ्यात लाइट जाते आणि वाद आपोआप मिटतो.

भाऊंनी अखेर त्या दुसऱ्या मॉनिटरवर इलाज काढला, तोही फोटोशॉपमधूनच. एकाच फोटोच्या दोन खिडक्या उघडता येतात. एका खिडकीत जे कराल ते दुसरीत त्याच क्षणी उमटतं, झूम मात्र ज्याची त्याची वेगळी. भाऊंनी आपल्याकडच्या खिडकीत ४०० टक्के ठेवले आणि गिऱ्हाइकाकडे कंट्रोल-शून्य. गिऱ्हाइकाला आपण लांबून दिसतो तसे दिसतो, शांत, सुबक. भाऊ आपल्या बाजूला एकटेच मुरूम वेचत असतात. ऑल्ट दाबून चांगल्या कातडीवर टिचकी, मग खड्ड्यावर ब्रश, पुन्हा ऑल्ट. पुष्कळ लोक या दिवसांत "जसा आहे तसाच राहू द्या" म्हणून गेले. "थोडा गोरा कर देना" म्हणणारे कमी झाले नाहीत, पण त्याला झूम जबाबदार नाही.

ही शांतता मोडली ती शेजारच्या काकांनी. त्यांना त्यांच्या दिवंगत वडिलांचा मोठा फोटो हवा होता, १२ बाय १८ इंचांचा, हार घालायला. मूळ फोटो म्हणजे एक पिवळा पडलेला समूह. ४ फेब्रुवारी १९५९, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या दिवसाचा. पुढं खुर्च्यांवर साहेब लोक, दोनचार रशियन, आणि मागच्या रांगेत काकांचे वडील. चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. भाऊंनी जास्तीत जास्त बारीक स्कॅन केलं तरी चेहऱ्याच्या रुंदीला १४० ठिपके आले. त्याचे छपाईला ३६०० करायचे.

"मोठं केलं की स्पष्ट होईल," काका म्हणाले.

ही श्रद्धा त्यांची एकट्याची नाही. १९९८ पासून सीआयडी मालिका बघितलेल्या घराघरांत ती आहे. शिवाजी साटम पडद्यासमोर उभे राहून झूम करायला लावायचे आणि धुकट मोटारीची नंबरप्लेट हळूहळू वाचता यायची. भाऊंनी काकांना झूम करून दाखवलं. वडिलांचे चौकोन झाले. आणखी केलं, चौकोन मोठे झाले. आणखी केलं, तेव्हा वडील आणि मागची भट्टी यांत फरक करता येईना.

चित्राचे असे चौकोन पाडायची सुरुवात ज्यांनी केली त्या रसेल कर्श यांनी १९५७ साली, इथं भिलाईत कारखान्याची उभारणी चालू असताना, तिकडे अमेरिकेत आपल्या तीन महिन्यांच्या बाळाचा फोटो पहिल्यांदा संगणकात घातला. तो १७६ बाय १७६ ठिपक्यांचा होता. म्हणजे त्या तान्ह्या बाळालासुद्धा काकांच्या वडिलांपेक्षा जास्त ठिपके मिळाले होते. काकांना हे ऐकून वाईट वाटलं. "रशियन लोकांना विचारलं असतं तर त्यांनी दिले असते," ते म्हणाले.

मग पुण्याच्या पुतण्यानं मोबाइलवरच्या एका एआय अ‍ॅपमध्ये तो दाणा घातला. अर्ध्या मिनिटात वडील बाहेर आले. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असे. गुळगुळीत गाल, भरदार मिशी, ओठ किंचित उघडे आणि आत पांढरेशुभ्र दात. काकांचे डोळे भरून आले. फोटो मोठ्या पडद्यावर लावला आणि खातरजमा करायला घरून आजीला आणलं. वय पंच्याऐंशीच्या आसपास, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणजे बाकावरच्या सगळ्यांत नजर चांगली तिचीच.

आजीनं पडद्याकडे पाहिलं. "हा कोण बाप्पा?"

"आई, बाबा आहेत."

"चल. ह्यांनी उभ्या जन्मात फोटोत दात दाखवले नाहीत. बायको सोबत असेल तर दाखवतील का?" आजीनं पदर सावरला. "छान आहे पोरगा. कोणाचा आहे?"

भाऊंनी निमूटपणे एआयचा जावई बंद केला आणि जुना समूह पुन्हा उघडला. कंट्रोल-शून्य. आजी खुर्चीत मागं टेकली आणि तिनं बोटही न हलवता मागच्या रांगेतला तो दाणा ओळखला. "हे. मान अशी तिरपी धरायची सवयच होती. हाच मोठा करा, धुकट तर धुकट, घरातही काही फार स्पष्ट नसायचे."

काका हो म्हणाले. भाऊंनी किंमत सांगायला तोंड उघडलं. पण आजी अजून फोटोतच होती. तिची नजर मागच्या रांगेतून सरकत सरकत अगदी टोकाला गेली, आणि तिथं अर्धा चेहरा खांबामागं दडवून उभ्या असलेल्या एका मफलरवाल्यावर थांबली.

"हे धाकटे भावजी," आजी म्हणाली. "त्या दिवशी ताप आहे म्हणून कुठं जात नाही म्हणाले होते. आम्ही सगळे जायला निघालो, तर मलाच घरी ठेवून घेतलं, पेज करून द्यायला. दुपारी जरा डोळा लागला माझा, तर उठून पाहते तो अंथरुणात उशी." तिनं भाऊंकडे वळून पाहिलं. "मोठं करा हो त्यांना. शेवटल्या टक्क्यापर्यंत."